आतल्या कडीची गाडी

कोकिळाचं सांगायचं म्हणजे पहिले तिच्या आवाजाचं सांगा लागते. बाजारात रूपरावचं तयार कपड्याचं दुकान लागे. परकर, पोलकी, लेकराईची झबली. दुकान नावाले रूपरावचं, विकणारी कोकिळा. "अवं मावशी, हात त लावून पाहा, घे म्हणते कोण तुले!" असं म्हणे अन् मावशी दोन परकर घेऊन जाये. रूपराव मागं मुकाट घड्या घालत बसे. तो पहिले ट्रकवर ड्रायव्हर होता, त्याले बोलायची सवय इंजिनासंगं.

कारंज्याहून निघून दोघं हिंगणी, गिरड, जिथी जत्रा तिथी जात. दुकानाच्याच ताडपत्रीखाली निजत. मी त्याईची शेजारीण, शकुबाई. मी तोंडाची फाटकी आहे हे सारं गाव जाणते. पण ही गोष्ट मी लय दिवस पोटात ठेवली, आता सांगून राह्यली त मधात टोकू नका.

तिसऱ्या बाळंतपणात कोकिळाचं अंग बाहेर आलं. सुईणीनं काय केलं न केलं, देव जाणे. तेव्हापासून तिले लघवी धरवेना. शिंकली की गेली, हसली की गेली, गठ्ठा उचलला की गेली. घरी एक वेळ चालून जाते, पण जत्रेत? माणसाचं बरं असते, झाड दिसलं की उभा. बाईनं अंधार पडेपर्यंत दम धरायचा. आम्ही बाया म्हणूनच जत्रेत पाणी पीत नाई. कोकिळानं पाणीही सोडून पाहिलं, तरी भागलं नाई.

गिरडले टेकडीखाली दुकान लागलं होतं. बायाईची ही गर्दी. एका म्हातारीनं काहीतरी गमतीचं म्हटलं अन् कोकिळा खदाखदा हसली. हसता हसता गप झाली. बसल्या जागी लुगडं ओलं. समोर दहा-बारा बाया, बाजूले त्याईचे नवरे. तिनं काय करावं? बाजूची पाण्याची कळशी उचलली अन् सांडल्यासारखी स्वतःच्या अंगावर ओतली. "अगं बाई, पाय लागला!" सारे हसले. रूपराव तिच्यावर खेकसला, "डोळे आहेत का बटनं?" त्या दिवसापासून तिनं जत्रा सोडली.

नवऱ्याले सांगितलं काय, त म्हणे खाली निजून कंबर धरते.

खरं फक्त मले सांगितलं, तेही आपली शपथ घालून. मी म्हटलं, "अवं, नवरा आहे तो तुहा, सांग त्याले." त म्हणते, "सांगितलं त मले बाई समजन का तो? वासाची बाई म्हणन." मले असा राग आला! कोणावर ते समजलं नाई. अन् मंग ती हळूच म्हणाली, "शकुबाई, मले दुकानात बसायचं आहे वं. मले तेवढंच त येते." घरी बसल्यापासून तिचा आवाज बारीक बारीक होत चालला होता. पोराले हाका मारायची तेही पुटपुटल्यासारखी. तिकडं दुकानात रूपराव एकटा मुक्यासारखा बसे अन् गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाये.

रूपराव मनाचा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. त्यानं डोकं लावलं. खाली निजून कंबर धरते ना? मंग खाली निजायचंच नाई. पलंगासकट गाडी घ्यायची, जुनी, डिझेलवर चालणारी. आत निजा, आत रांधा, माल वर कॅरिअरवर. बायको संगं येईन.

वर्षभर तो गाड्या पाहत फिरला. वर्ध्याले एक मॅटाडोर पाहिली, त तिच्यात माणूस उभाच राहत नव्हता. एक भंगारातली बस पाहिली, तिचा धूर निळा. घरी येऊन मलेच समजावून सांगे, "वहिनी, काळा धूर चालते, पंप साफ केला की जाते. निळा म्हणजे इंजिन तेल पिऊन राह्यलं, ते घ्यायचं नाई." मी म्हणे, "मले काय घ्यायची आहे का भाऊ गाडी?" पण त्याले कोणीतरी ऐकणारं पाहिजे होतं. बायको ऐकून काही बोलत नव्हती.

मंग हायवेवर ओमप्रकाशच्या गॅरेजात ती गाडी आली. नागपूरच्या एका शेठनं आपल्या म्हाताऱ्या आईले तीर्थयात्रा करवायसाठी बांधून घेतली होती. म्हातारी गेली, शेठले गाडी डोळ्यासमोर नको झाली. रूपराव तीनदा एकटाच जाऊन पाहून आला. थंड इंजिन एका दमात सुरू होते का पाहिलं. खाली कागद हांतरून तेल ठिबकते का पाहिलं. टपावर बादल्या ओतून गळते का पाहिलं. चाकावरचे स्प्रिंगचे पाटे पाहिले, टायर पाहिले. सारं पसंत पडलं. आता मोठ्या भावाचं "हो" पाहिजे होतं, कारण शेतीवाडी एकत्र अन् किसनरावच्या शब्दाबाहेर घरात कुदळही येत नसे.

म्हणून आम्ही सारे गेलो. किसनराव, रूपराव, कोकिळा, अन् बाईसोबत बाई म्हणून मी. आमच्याकडं भासऱ्यासमोर बाई बोलत नाई. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे सासऱ्याच्या जागी. डोक्यावरून पदर नाकापर्यंत, अन् तोंडातून शब्द नाई. कोकिळाच्या लग्नाले बारा-तेरा वर्षं झाली होती, किसनरावनं तिचा आवाज बाजारात दुरून ऐकला असंन तेवढाच. तोही दुकानाकडं येत नसे, तिले बोलायले अडचण नको म्हणून. एवढा मान ठेवणारा माणूस.

ओमप्रकाशनं दार उघडलं. "देखो भाऊ, घर है घर! चाबी मारो और चल पडो." खरंच घर होतं. एका बाजूले पलंग, समोर स्टोव्हचा ओटा, वर पाण्याची टाकी, खिडकीले पडदे. अन् मागच्या कोपऱ्यात पत्र्याची अरुंद खोली. कोकिळानं तिचं दार लोटलं. आत बसायचं भांडं, खाली बादली, अन् बादली काढायले गाडीच्या मागून बाहेरून झाकण. शेठच्या म्हातारीले चालवत नव्हतं, तिच्यासाठी केलेलं.

कोकिळा तिथीच उभी राह्यली. पत्र्यावरून हात फिरवे, दार लोटे, उघडे, पुन्हा लोटे. पदराआडून तिनं माह्याकडं पाहिलं. अरे देवा, काय ते डोळे! मी समजली. पलंग-बिलंग गेला खड्ड्यात, तिले हेच पाहिजे होतं. तिनं माहा हात असा दाबला की बांगडी रुतली.

तेवढ्यात किसनराव आत डोकावला. "हे काय?"

"संडास है साहब, माताजी के लिए," ओमप्रकाश म्हणाला.

"चुलीपासून दोन हातावर?" किसनरावनं नाकाले उपरणं लावलं. "जिथी आपली लक्ष्मी रांधन तिथीच हे? अन् उपसणार कोण? रूपराव, असली गाडी माह्या दारात नाई लागणार."

रूपराव घाईघाईनं म्हणाला, "काढून टाकू ना भाऊ! तिथी मालाची फळी मारू. मले तरी कुठं पाहिजे ते? ओमप्रकाश, हे उखडून फेक, मंग गाडी नेतो."

त्याले वाटलं, बायकोचाच मान राखला. मी तोंड उघडलं होतं, अगदी उघडलं होतं, पण कोकिळानं पदराआडून मान हलवली अन् पुटपुटली, "शपथ आहे." मी दात दाबून बसली. घरी आल्यावर म्हटलं, "आता त सांग!" त म्हणते, "भाऊजीनं नाकाले उपरणं लावलं, पाहिलं ना तू? ते खोलीले लावलं नाई, मलेच लावलं." अन् भिंतीकडं तोंड करून निजली. मी तिले पोटभर बोलली. नेभळट म्हटलं, मुकी म्हटलं. आता आठवते त जीभ हासडावी वाटते.

आठ-दहा दिवसांनी नारळ फोडायचा ठरला. गाडी धुऊन उभी होती, झेंडूची माळ घातलेली. बाजूले उन्हात ती पत्र्याची खोली उखडून फेकलेली, दार एकीकडं, भांडं एकीकडं. घरच्या लक्ष्मीनं गाडीले कुंकू लावायचं, मंग मोठ्यानं नारळ फोडायचा, ही रीत. किसनराव नारळ घेऊन उभा. गॅरेजातले दोन-तीन ट्रकवालेही पाहत होते.

कोकिळा ताट घेऊन पुढं गेली. बोट कुंकवात बुडवलं. हात वर गेला अन् राह्यला तिथीच.

"लाव ना," रूपराव म्हणाला.

ती लावेना. मी मागून म्हटलं, "कोकिळा, लाव वं बाई." तरी नाई. रूपराव चिडला. "काऊन तमाशा लावला? तुह्यासाठीच त घेऊन राह्यलो! सारं गाव म्हणते, बायकोले पलंगाशिवाय झोप लागत नाई म्हणून हा गाडी घेते. तरी घेऊन राह्यलो. आणखी काय पाहिजे तुले?"

तेव्हा ती वळली. नवऱ्याकडं नाई, किसनरावकडं. पदर नाकापर्यंत होताच. अन् बोलली.

"भाऊजी, मले धरवत नाई."

काही वेळ कोणाले समजलंच नाई की बोललं कोण.

"तिसऱ्या पोरापासून धरवत नाई. कंबर नाई दुखत माही. गिरडले कळशी सांडली नव्हती." हायवेवरून ट्रक गेला तेवढं थांबली. "ती खोली राहू द्या. उपसायले कोणी नको, माही मी धुईन. चूल खाली मांडीन. पण ती राहू द्या. मले दुकानात बसायचं आहे."

एवढं बोलली अन् मटकन खाली बसली, ताट मांडीवर, तोंड गुडघ्यात. कुंकू सारं लुगड्यावर. ट्रकवाले दुसरीकडं पाहू लागले. शरमेनं माहे कान पेटले, म्हणजे तिचे काय झाले असतीन! भासऱ्यासमोर पहिला शब्द काढला, अन् तो हा.

रूपराव एका टायरवर बसला. त्याचं तोंड उतरलं होतं. "मले काऊन नाई सांगितलं?" असं तो जमिनीकडं पाहून म्हणाला. मंग माह्यानं राहवलं नाई. "कसं सांगन? तुम्ही विचारलं का कधी? वर्षभर गाडीचं इंजिन कुठं गळते ते पाहत फिरले!" बोलून गेली अन् त्याचं तोंड पाहून वाटलं, हे नसतं बोललं त बरं होतं.

किसनराव तसाच उभा होता, नारळ हातात. त्यानं मान खाली घातली होती. धाकट्या भावजयीसमोर वर पाहायची त्याले आता हिंमत नव्हती. ओमप्रकाशले म्हणाला, "ते परत बसव." "जसं होतं तसं बसव." अन् नारळ बोनेटवर ठेवून पायीच घराकडं निघून गेला. त्या दिवशी नारळ फुटलाच नाई.

पुढं किती दिवस त्या घरात कोणी कोणाकडं पाहत नव्हतं. कोकिळा विहिरीवर येईना. किसनराव जेवायले शेतातच डबा मागवे. रूपराव माह्या दारासमोरून जाताना मान वळवे. मले वाटे, बोलून काय मिळालं बिचारीले? झाकलेलं होतं ते बरं होतं की काय?

गाडी आली अंगणात. गिरडले जायचा दिवस उजाडला. माल चढला, टाकी भरली, कोकिळा आत पलंगाच्या कडेले अंग चोरून बसली होती, कोणी जबरदस्तीनं आणल्यासारखी. मी तिची वेणी नीट करत होती.

अन् किसनराव आला. हातात गिरमिट, स्क्रूची पुडी अन् पितळेची नवी कडी. आमच्याकडं पाहिलं नाई. उपरणं खांद्यावर होतं, ते खांद्यावरच राह्यलं. सरळ मागच्या खोलीपाशी गेला. त्या पत्र्याच्या दाराले कडीच नव्हती, शेठच्या म्हातारीले लागत नसंन. आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तो त्या अरुंद जागेत उकिडवा बसला अन् दाराले आतून कडी बसवू लागला. त्याचा हात घसरे, स्क्रू खाली पडे, तो शोधून पुन्हा लावे. मांडीएवढ्या जागेत भांड्याले टेकून बसला होता तो माणूस.

काम झालं तसा उठला अन् गाडीबाहेर जाऊन पाठमोरा उभा राह्यला.

कोकिळा उठली. खोलीत गेली, दार लोटलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. ती आत रडत होती, ते मले समजत होतं अन् बाहेर त्यालेही समजत असंन, कारण तो हालला नाई.

मंग आतून आवाज आला. बारीक नाई, तिचा पहिलेचा, बाजारातला.

"कडी बसते, भाऊजी. पक्की बसते."