दादाराव मिस्त्रींचे दोन रुमाल

गेल्या पौषात, एका मंगळवारी सकाळी, चांदूर बाजारला आमच्या छोट्या ट्रकच्या केबिनमध्ये दादाराव मिस्त्री बेशुद्ध सापडले. इंजिन सुरू होते. दोन्ही काचा बंद होत्या.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचे गॅरेज होते. आयुष्यभर त्यांनी डिझेलच्या गाड्या दुरुस्त केल्या. घरून रोज दोन पांढरे रुमाल आणत, एक घामाचा, एक गाडीचा. काम संपले की दुसरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा आणि उजेडात नेऊन पाहायचा. काळा डाग दिसला तर गाडी पुन्हा खोलायची. "मानूस खोटं बोलते, धूर नाही बोलत," म्हणत. मालकाने घाई केली तर विचारत, "काहून बाप्पा, वरात थांबली काय?"

आमच्या ट्रकचे डिझेल इंजिन फुटले, तेव्हा त्यांनी भंगारात निघालेल्या एका गाडीचे सीएनजी इंजिन बसवले. त्याला ऑक्सिजन सेन्सर होता. तो धुरातला प्राणवायू मोजतो आणि त्यावरून इंजिनात किती गॅस सोडायचा ते ठरते. त्या इंजिनाचा मूळ एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप, सेन्सरच्या जागेसकट मिळायला आठ दिवस लागणार होते. नाहीतर आमचाच जुना पाइप ठेवून त्याला भोक पाडायचे आणि सेन्सर तिथे बसवायचा. त्यात पाइपचा एक जोड केबिनखाली, इंजिन आणि सेन्सर यांच्या मध्ये येत होता.

"आठ दिवस थांबता काय?" त्यांनी विचारले.

संत्र्याची तोड सुरू होती. मी नाही म्हणालो.

"मंग जोड माया हातचा." काम संपल्यावर त्यांनी रुमाल दाखवला. पांढरा होता.

चौथ्या दिवशी गाडी चालवणारा माझा चुलतभाऊ गजानन डोके दुखते म्हणाला. पाचव्या दिवशी त्याला ओकारी झाली. मी फोन केला. दादाराव सकाळच्या एसटीने आले.

"गजाननभाऊ, डोकं गाडीनं दुखते का बायकोनं?"

"काका, गाडीतून उतरलो का थांबते."

त्यावर ते हसले नाहीत. वाकून केबिनखाली पाहिले. सायलेन्सरशी रुमाल धरला. डाग पडला नाही.

"काचा लावून बसतो. धूर अंदर येऊन राहिला असन तं वास येईनच. तुमी संत्रं भरा, अर्ध्या घंट्यानं या."

आम्ही पाऊण तासाने परत आलो.

अमरावतीच्या रुग्णालयात पोहोचण्याआधीच ते गेले होते. डॉक्टरांनी कारण लिहिले, कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नसतो, वास नसतो; आणि सीएनजीच्या धुरात डिझेलसारखी काजळीही नसते. गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला केबिनखालच्या जोडाला बारीक चीर आढळली. पाइपातला धुराचा दाब इंजिनाच्या ठोक्यागणिक कमी-जास्त होतो; तो उतरला की तिथून बाहेरची हवा पाइपात शिरत होती. सेन्सर तिच्यातला प्राणवायू मोजून गॅस कमी पडतो असे सांगत होता, इंजिन जास्त गॅस घेत होते, आणि दाब वाढला की अर्धवट जळालेला धूर त्याच चिरेतून केबिनमध्ये चढत होता.

पंचनाम्यात त्यांच्या खिशातल्या वस्तूंची नोंद आहे. पाना एक. एसटीचे तिकीट एक. रुमाल दोन, एकावर घामाचे डाग, दुसऱ्यावर डाग नाही.