आई, सणाला येतोय

बल्गेरियातल्या रुसे शहरात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी चांभाराचं दुकान होतं, तिथे बसून झिव्का जाहिरातींच्या ईमेलना विषयाची ओळ लिहायची. तेवढी एकच ओळ. आतला मजकूर दुसरे लिहीत, फोटो तिसरे लावत. पण माणूस ईमेल उघडणार की न वाचता पुसणार, हे त्या ओळीवर ठरतं, आणि फोनवर तिचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात. ओरडलं की लोक पुसतात. ‘सवलत’ म्हटलं की पुसतात. घरातल्यासारखं हळू बोललं की उघडतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अर्ध्यांना एक ओळ, अर्ध्यांना दुसरी, मग कुठली जास्त उघडली ते बघायचं. असं करून करून ते हाडात मुरलं होतं.

मुलगी इल्याना जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली ती तिकडचीच झाली. तेव्हापासून झिव्काला काही लागत नसे. कॉफी कडू लागत नसे, मालकाचं बोलणंही लागत नसे.

मालक व्लादो. वसंतात तो तिच्या टेबलावर येऊन टेकला. “गेर्ग्योवदेनचा सण आला. कोकरू भाजायच्या पराती खपवायच्यात. यादी सगळी म्हाताऱ्यांची आहे. चष्मा सापडायच्या आत उघडतील असं काहीतरी दे.”

झिव्कानं मान वर न करता टाइप केलं: ‘आई, सणाला घरी येतोय.’

“आणि पाठवणारा कोण? दुकानाचं नाव दिसलं तर मेलं सगळं.”

“गोशो.”

“कोण गोशो?”

“कुणीही. प्रत्येक इमारतीतला एक तरी गेओर्गी परदेशी गेलाय, आणि घरात त्याला गोशोच म्हणतात. सणही त्यांच्याच नावाचा, संत गेओर्गीचा.”

“बाई, तू सैतान आहेस.”

“पगार वेळेवर दे, मग काय हवं ते म्हण.”

रस्त्यात कुणी म्हातारीचा हात धरून ‘आई, मी गोशो’ म्हणालं असतं, तर चार जणांनी धरून बदडलं असतं त्याला. पडद्यावर केलं की त्याला कसब म्हणतात. त्या ओळीनं उघडण्याचे तोवरचे सगळे आकडे मागं टाकले. व्लादोनं सगळ्यांना चीज भरलेला गरम बानित्सा खाऊ घातला. झिव्कानं आपला तुकडा खाल्ला, बोटं पुसली आणि पुढच्या कामाला लागली.

सणाच्या दिवशी झिव्काच्या घराच्या अख्ख्या जिन्यात भाजलेल्या मांसाचा वास होता. समोरच्या रायना मावशीचं दार उघडं दिसलं. मावशी एकटीच राहायची. टेबलावर नवा कपडा, दोन ताटं, आणि ओव्हनमध्ये मावता मावेना एवढी परात.

“ये गं झिव्के. अशी दारात काय उभी?”

“मावशी, एवढं कोकरू कुणासाठी?”

“कुणासाठी म्हणजे? माझा गोशो येतोय. स्पेनला गेल्यापासून पहिल्यांदा लिहिलं मेल्यानं. परातीचा फोटोसुद्धा पाठवला. आपल्या जुन्या परातीत अख्खं कोकरू मावायचं नाही, हे आठवतंय बघ त्याला. मग तीच मागवली मी.”

तिनं फोन पुढे केला. झिव्कानं आपलीच ओळ वाचली. आत काहीतरी हलेल म्हणून ती थोडी थांबली. काही हललं नाही.

“मावशी, हे गोशोनं लिहिलेलं नाही. मी लिहिलंय. पराती विकायला. हजारो जणींना गेलंय.”

मावशी खुर्चीवर बसली. बराच वेळ टेबलावरचा कपडा सारखा करत राहिली.

“म्हणजे त्याला हे माहीतच नाही.”

“नाही.”

“तुझ्या इल्यानाच्या नावानं असं आलं असतं, तर उघडलं असतंस?”

“हो. म्हणून तर सुचलं.”

“मग आता दुसरं लिही. सकाळपासून माझी मान खिडकीकडे वळतेय, आता ती तू सांगितल्यानं नाही थांबायची. त्याच्या नावानं लिही, येत नाही म्हणून. मग मी ओव्हन बंद करते.”

“ते खोटं होईल, मावशी.”

“आणि पहिलं काय होतं?”

झिव्कानं स्वतःचा फोन काढला. पाठवणाऱ्याच्या जागी गोशो घातलं. कॉफी निवायच्या आत दहा ओळी पाडणारी बाई, पण आता लिहीत होती, पुसत होती, परत लिहीत होती. मावशीनं घाई केली नाही. शेवटी टेबलावरचा फोन वाजला.

‘आई, या वर्षी जमत नाही.’

मावशीनं चष्मा शोधला, लावला, आणि ती ओळ सावकाश, ओठ हलवत वाचली. आपली ओळ अशी कुणी वाचताना झिव्कानं कधी पाहिलं नव्हतं.

“‘तू जेवून घे’ एवढं तरी घालायचंस,” मावशी म्हणाली. “तेवढं म्हणाला असता तो.”

“ओळ लांब झाली असती. फोनवर दिसली नसती.”

“बरं,” मावशी म्हणाली, आणि उठून तिनं ओव्हन बंद केला.