पश्चिमेचा ढग

अप्पांच्या परतीच्या विमानाला दोन दिवस उरले होते आणि दोह्यातली एकही गोष्ट त्यांना मनापासून आवडलेली नव्हती. समुद्रकाठचे काचेचे मनोरे, मॉलमधला होड्यांचा कालवा, संग्रहालय हे सगळं त्यांनी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं हात पाठीमागे बांधून पाहिलं आणि "बरं हाय" म्हटलं. माझे वडील माण तालुक्यातले मेंढपाळ. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं; मी चढलो तो त्यांच्या मेंढरांच्या जिवावर. त्यामुळे त्यांना इथे आणल्यावर त्यांचे डोळे एकदा तरी चमकावेत, अशी माझी फार इच्छा होती.

म्हणून शुक्रवारी सकाळी फरीज बिन ओमरानमधल्या माझ्या घरून निघालो ते थेट पश्चिमेला, झिक्रीतच्या वाळवंटाकडे. एप्रिल इथे लहरी असतो. निघताना गाडीच्या काचांवर दव होतं. अल रय्यान ओलांडलं तोवर एसी लावावा लागला. शहानियापाशी उंटांचा तांडा रस्ता ओलांडत होता, तेवढ्यात वारा सुटला आणि पुढची गाडी धुळीत दिसेनाशी झाली. पाच मिनिटांनी पुन्हा लख्ख ऊन.

"ह्ये काय वातावरण म्हणायचं का थट्टा?" अप्पांनी विचारलं. दहा दिवसांत त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

झिक्रीतला पांढऱ्या चुनखडीच्या सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत. वाऱ्याने त्यांच्या कडा खालून कोरून काढल्यात, त्यामुळे त्या अळंब्यांसारख्या दिसतात. इथले लोक त्यांना कौतुकाने डोंगर म्हणतात. अप्पा एका दमात वर चढले. "ह्यो डोंगर? आपली शेरडं ह्याच्यावर चढायलाबी लाजतील," म्हणाले. पण वरून त्यांना खाली हिरवा ठिपका दिसला आणि ते माझ्याआधी उतरायला लागले.

तो रौदा होता (वाळवंटातली सखल जागा, पावसाचं पाणी साठून तिथे गवत आणि झाडं उगवतात). झाडं जवळून पाहून अप्पा थबकले. "आरं, ह्या बोरीच की!" बोरींच्या सावलीत पाच-सहा व्यालेल्या मेंढ्या आणि त्यांची कोकरं होती. बाजूच्या उंचवट्यावर इज्बा (जनावरांचा कुंपण घातलेला वाडा) होता, बाकीचा कळप तिथे. तिथून इद्रीस खाली आला. पन्नाशीचा सुदानी मेंढपाळ. पाकिस्तानी ड्रायव्हरांकडून शिकलेलं हिंदी बोलणारा. त्याने भरपूर साखरेचा काळा चहा दिला, आम्ही घरचे धपाटे काढले. एका मेंढीला सकाळीच जुळं झालं होतं. अप्पांनी कोकरांच्या तोंडात बोट घालून पाहिलं, कान चाचपले, मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. इद्रीस बघत राहिला.

"बाबा का भी बकरी-भेड़ है?"

"दीडशे," मी फुगून सांगितलं.

तेव्हाच पश्चिमेला एक काळसर ढग दिसू लागला. इद्रीसने त्याच्याकडे हनुवटीने दाखवलं. "सरायात का टाइम है." सरायात म्हणजे इथल्या वसंतातल्या अवचित वादळी सरी, आपल्या वळवाच्या चुलत बहिणी. "बच्चा लोग को ऊपर ले जाऊँ? बाबा से पूछो, बाबा क्या बोलता?"

दहा दिवसांत अप्पांना कुणी काही विचारलं ते हे पहिल्यांदा. त्यांनी कपाळावर हात धरून ढग नीट न्याहाळला. "पश्चिमेचा ढग आपल्याकडं रिकामा असतोय. ताज्या बाळंतिणी हाईत, हलवू नये म्हंतो मी. पर हितलं आभाळ मला ठाऊक न्हाई, त्येला सांग."

मी इद्रीसला सांगितलं, "बाबा पचास साल से आसमान देखता है. बोलता है, बारिश नहीं आएगा."

शेवटचं वाक्य मी गाळलं. विसरलो नव्हतो. वडिलांचा शब्द मला पक्का हवा होता.

इद्रीसने मान डोलावली आणि दुसरा चहा ओतला. तो संपायच्या आत ऊन मावळल्यासारखं झालं. पश्चिमेकडून पिवळी भिंत चालत आली, पाठोपाठ गार वारा आणि मग हरभऱ्याएवढ्या गारा. पावसाने तर वेळच दिला नाही. ती खडकाळ जमीन पाणी पीतच नाही. सगळ्या बाजूंनी ओघळ रौद्यात उतरले.

"उचल! पिल्लं उचल!" अप्पा ओरडले.

त्यांनी दोन कोकरं बगलेत मारली आणि मेंढ्यांना आपली हाळी दिली, "हुर्र्र, हुर्र्र!" एकही हलली नाही. इद्रीसने जीभ टाळूला लावून टक टक केलं तेव्हा त्या उंचवट्याकडे पळाल्या. मी गुडघाभर पाण्यात दोन फेऱ्या मारल्या. वर येऊन मोजलं तर जुळ्यातलं एक कमी.

अप्पाच परत गेले. बोरीच्या मुळाशी अडकलेलं ते कोकरू त्यांनी आणलं तेव्हा त्याची मान लोंबत होती. मागचे पाय धरून त्यांनी ते उलटं केलं, नाकातोंडातलं पाणी काढलं, फुंकर मारली. "ऊब पायजे. जाळ कुठंय?" सगळंच भिजलेलं. मी गाडीचा हीटर लावला. कतारमध्ये सहा वर्षं गाडी चालवून त्या बटणाला माझा हात कधी लागला नव्हता. आम्ही तिघं गाडीत बसलो आणि माझ्या ऑफिसच्या जॅकेटने अप्पा ते एवढंसं अंग चोळत राहिले. इद्रीसच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळाने कोकराने एक पाय झाडला. मग बारीक आवाजात ओरडलं.

पाऊस थांबला होता. कोकरू आईपाशी नेलं तर तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्याला माणसांचा वास लागला होता. अप्पांचा आणि इद्रीसचा हात एकदमच तिच्या कासेकडे गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसू फुटलं. तिचंच दूध काढून दोघांनी कोकराच्या पाठीला चोळलं. मेंढी दोनदा मागे सरकली. तिसऱ्यांदा तिने ते चाटायला सुरुवात केली.

"त्येला सांग, माझं चुकलं," अप्पा म्हणाले.

आता मात्र मला राहवेना. मी आधी हिंदीत आणि मग मराठीत, दोघांनाही खरं काय ते सांगितलं.

इद्रीसने दाढीचं पाणी पुसलं. "मैंने बाबा को पूछा था," तो म्हणाला, "जवाब तूने दिया." आणि माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. ती रागाची होती की मायेची, अजून ठरवता आलेलं नाही.

परतीच्या वाटेवर आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. अप्पा खिडकीतून मागे वळून पश्चिमेकडे बघत होते. "तिकडं मोठा डोंगुर हाय का रं? सह्याद्रीवानी?"

"नाही. आधी समुद्र, मग सौदीचं वाळवंट."

"मग बरोबर हाय. आपल्याकडं ढग घाटावर आधीच रिता हुतोय. हितं त्येला अडिवणार कोण?" त्यांचे डोळे चमकत होते. मग समुद्र केवढा, वाळवंटात पाऊस किती, मेंढ्या तिकडे कोणत्या जातीच्या, असे प्रश्न सुरू झाले ते अल रय्यानच्या तुंबलेल्या रस्त्यांपर्यंत. निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. इतकं शिकूनही न येणाऱ्या गोष्टी कबूल करायला मी अडखळत होतो, आणि अप्पा तर आभाळाखाली उभं राहून सहज 'ठाऊक न्हाई' म्हणून गेले होते.

घराखाली गाडी लावली तेव्हा ते उतरता उतरता म्हणाले, "फुडच्या खेपंला मी बोलंन त्ये सगळं सांगायचं. ठाऊक न्हाई म्हणलो तर त्येबी."

"होय, अप्पा."

"आन् उद्या काय दावणार हाईस?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.