कोरगावकरांचं विमान

कोरगावकर विमानाला विमान म्हणत नसत, 'आमचं' म्हणत. अमेरिकेत पोराकडे राहायला आल्यावर जर्सी सिटीत नदीकाठच्या बाकावर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आभाळाकडे बोट करून बायकोला सांगत होते, "ते बघ, आमचं गेलं. आज लेट आहे." मला वाटलं, विमानाचा मालक आणि बसलाय माझ्यासारखा फुकटच्या बाकावर!

मालक-बिलक कुणी नव्हते. युरोपातल्या एका चिमूटभर, डोंगराळ, पण गडगंज देशाच्या विमान कंपनीत ते इथल्या विमानतळावर काउंटरला होते. दोन हजार एक साली ती कंपनी बुडाली. मग त्या देशानं सरकारी पैसा ओतून नवी उभी केली आणि यांना परत बोलावलं. मी विचारलं, "तुम्ही राहिलाय का त्या देशात?"

"ट्रेनिंगला गेलो होतो. अकरा दिवस."

अकरा दिवसांत देश आपला! मला काही केल्या उमगेना.

मी तिसरी शिकलेला माणूस. कऱ्हाड-पाटण रस्त्यावर एकतीस वर्षं वडापची जीप चालवली. माणसं भरली की निघायचं, नाही भरली तर बसून राहायचं. सरकारी बस रिकामी धावायची आणि आम्ही हसायचो. म्हणून मी त्यांना स्पष्टच बोललो, "एवढ्याशा देशाला स्वतःचं विमान कशाला? पैसा आहे ना? शेजाऱ्याच्या विमानाचं तिकीट काढा."

"मोहिते, घरी पाहुणा आला तर शेजाऱ्याच्या ताटात वाढता का?"

"लग्नात वाढतोच की! भांडी भाड्यानंच आणतो."

"तुम्ही ना, कंप्लीट अडाणी आहात," असं म्हणून ते थर्मासमधला अर्धा चहा मला द्यायचे. नॅशनल कॅरिअर म्हणजे देशाचं तोंड असतं, हे त्यांचं पालुपद. तोंडाला खायलाही लागतं, हे माझं. दोन वर्षं हाच तंटा चालला. कुणी हरलं नाही.

मग बातमी आली, की शेजारच्या मोठ्या देशाची कंपनी यांची कंपनी विकत घेणार. दोन्ही काउंटर एक होणार, कपडे नव्या मालकाचे. कोरगावकरांना ठेवून घेत होते, पण शुक्रवारपर्यंत सही हवी होती. त्यांनी घरी सांगून टाकलं, सही करणार नाही.

बुधवारी कोरगावकर वहिनी आमच्या दारात. चार पायऱ्या चढून दम लागलेला. "दादा, तुम्ही सांगा त्यांना. माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, तारीख मिळालीय. नोकरी गेली की इन्शुरन्स जाईल. माझं ऐकत नाहीत. तुमच्याशी निदान भांडतात तरी."

मी तसाच बाकावर गेलो. एरवी म्हणालो असतो, बरं झालं, गेली ब्याद. पण ते असे बसले होते, की माझ्या तोंडून वेगळंच निघालं. मी पोरालाही कधी सांगितलेलं नाही ते. पडता काळ आला तेव्हा मी माझी जीप एका सावकारड्याला विकली आणि तीच जीप त्याच्या पगारावर चार वर्षं चालवली. मागं रंगवलेलं आईचं नाव त्यानं माझ्यादेखत खरवडून काढलं.

"कसं वाटलं तेव्हा?" कोरगावकरांनी विचारलं.

"रस्ता तोच होता," मी म्हणालो. हे खोटं होतं. रस्ता तो नव्हता राहिला. पण वहिनींचा दम माझ्या कानात होता.

त्यांनी शुक्रवारी सही केली. झडप बसली. वहिनी मला राखी बांधायला लागल्या. कोरगावकर कामावर जायचे, बाकावर यायचे, चहा द्यायचे. पण डोक्यावरून विमान गेलं तरी मान वर करत नसत. मी मुद्दाम डिवचायचो, "अहो, ते बघा, तुमचं!" ते म्हणायचे, "असेल कुणाचं तरी." मला भांडण हवं होतं. ते काही मिळालं नाही.

वर्षभरानं ते निवृत्त होऊन लेकीकडे, ओहायोतल्या डब्लिन गावी निघाले. सामान गाडीत भरलं, वहिनी पुढं बसल्या. मी कुणाची माफी मागणारा माणूस नाही. तरी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "कोरगावकर, मी चुकलो का?"

त्यांनी गाडीत बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. म्हणाले, "ती आता तीन जिने चढते, मोहिते."

मी म्हटलं, "ते मला दिसतंय. मी दुसरं विचारलं."

"मला कळलं तुम्ही काय विचारलंत ते," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.