माहितीस्तव प्रत साहेबांना

आष्टीच्या ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत आपल्याला आलीच पाहिजे, असं बीडला बसणाऱ्या साहेबांनी ठणकावलं होतं. मी दर वेळी विसरायचो आणि दर वेळी फोन यायचा. शेवटी वैतागून मी मेलमध्ये अशी सोय केली, की काहीही पाठवलं तरी एक प्रत आपोआप साहेबांकडे जाणार. त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन मी दोन चहा प्यालो. अशी हुशारी मला क्वचित सुचते, पण सुचली की वर्षभर पुरते.

बायको धारूरच्या शाळेत शिक्षिका, मुलगी तिच्याजवळ. मी आष्टीत भाड्याच्या खोलीत. शनिवारी एसटीनं निघायचं, बीडला गाडी बदलायची, रविवारी उलटं. सात वर्षं हेच. मुलगी शेजारणीला सांगते, "पप्पा आलते, गेले."

आता आपसी बदलीचा तेवढा मार्ग उरला होता. धारूरच्या ऑफिसातला माझ्याच पदावरचा माणूस आष्टीला यायला राजी झाला, तरच मी घरी जाणार. त्याला फोन केला तर म्हणाला, "तोंडी नको. तिथं कसं हाय ते लिवून धाडा, मंग बघू."

मग मी, एखाद्या मुलाचं स्थळ सांगावं तसं आमचं ऑफिस सांगितलं. खोली जवळ, शेजार चांगला. साहेब देवमाणूस, बीडवरून हलत नाहीत. पीकपाण्याचा अहवाल मागच्या आठवड्याचाच तारीख बदलून पाठवला तरी चालतो, मी दोन वर्षं तेच करतोय.

मेल गेला. मग वरची ओळ दिसली: प्रत, साहेब.

तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. माफीचा मजकूर मनात इतक्या वेळा लिहिला की त्यातल्या चुकासुद्धा पाठ झाल्या. चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. बैठकीची वेळ सांगितली आणि म्हणाले, "तुमच्या प्रती फार येतात हो. मी त्या आपोआप वेगळ्या खणात जातील असं करून टाकलंय. उघडायला होतच नाही."

मी खुर्चीत बसूनच राहिलो. मग धारूरला फोन लावला.

"तुमी तर लई पोचलेले निघालात!" तो उसळलाच. "साहेबाला प्रत लावून मला कामचुकारीचं आवतण देता व्हय? मी हो म्हणलं की मीच सापडणार!"

"अहो, ती आपोआप जाते. साहेब वाचतसुद्धा नाहीत."

"वाचत न्हाईत?"

"आईशप्पथ."

त्याचा आवाज एकदम उतरला. मग हळूच म्हणाला, "आधी सांगायचं कावून न्हाई? काल मी केजच्या माणसाला बदलीची सही देऊन बसलो की. चांगलं ठिकाण गेलं राव माझं."

माझं घर गेलं होतं आणि समजूत मी त्याची काढत होतो.

शनिवारी बायकोला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "ती सोय काढून टाकली का?"

"नाही. राहिलंच."

तिनं पेनाला टोपण लावलं. "उद्याच्या गाडीला डब्यात काय देऊ?"