वाढलेलं पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या शिक्षक पतसंस्थेने लाभांश सभासदांना न वाटता, टँकरने पाणी पुरवणाऱ्या एका ट्रस्टला द्यायचं ठरवलं. ट्रस्टच्या पत्रकावर 'समता' हा शब्द ठळक छापला होता. परळीच्या सभेत मी उठून म्हटलं, आधी जाऊन बघू या. अध्यक्ष हसले. "मॅडम, दानाच्या गाईचे दात मोजत नसतात."

"ते घेणाऱ्याने, सर. देणाऱ्याने मोजूनच द्यावी. भाकड निघाली तर पाप कुणाला?"

सभा हसली आणि चौकशीचं काम माझ्याच गळ्यात पडलं. पडू दे. चिवटपणा हा माझा जुना दुर्गुण आहे.

ट्रस्टचा टँकर वडवणीजवळच्या ज्या गावात जायचा, तिथल्या बौद्ध वस्तीत माझी आत्या राहायची. रविवारी एसटीने तिच्याकडे गेले. "पाणी मिळतं का गं?" मी विचारलं.

"मिळतं की. लई भली माणसं हायती. काठोकाठ वाढतात."

वाढतात? पंगतीत भात वाढतात तसं? मी तिच्याबरोबर निघाले. टँकर गावच्या विहिरीत रिकामा होत होता आणि बायका काठावरून पाणी शेंदत होत्या. आत्याने हंडा आणि कळशी दहा पावलं लांब ठेवली आणि उभी राहिली. बऱ्याच वेळाने एकीने येऊन, पोहरा हंड्याला लागू न देता, वरून पाणी ओतलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सत्तरीच्या आत्याला हा भलेपणा वाटत होता, याचा राग तर जास्तच आला.

टँकरसोबत ट्रस्टचे एक गृहस्थ होते. त्यांना विचारलं, हीच का तुमची समता?

"आम्ही पाणी देतो, ताई. गावच्या रीतीत पडत नाही."

"मग आमचा पैसाही तुमच्या पाण्यात पडणार नाही."

आत्याने माझा दंड धरला. "गप माय. तू सांजच्या एसटीनं जाशील. मला हितंच पाणी प्यायचंय."

खरंच होतं ते. मी ओशाळले.

गृहस्थांना जोर आला. सगळ्यांदेखत त्यांनी आत्यालाच विचारलं, "आजी, तुमची काही तक्रार आहे का?"

शेंदणाऱ्या बायका थांबल्या. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली.

"तक्रार कशाची?" म्हणत तिने रिकामी कळशी उचलली, दहा पावलं चालून विहिरीच्या काठावर ठेवली आणि दोर हातात घेतला. मग माझ्यावर खेकसली, "बघती काय नुसती? धर की! मला एकटीला वढत न्हाई."