गुलाबी मेणबत्तीचा रविवार

एक काडी दोन शेगड्यांना पुरवायची. कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजायची आणि तरी मला विचारायची, "किती झाल्या गं?" मुलांवर ओरडली तर आधी स्वतःच सॉरी म्हणायची. कुणी बारामतीहून आलं की पिशवीकडं न बघता आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची.

अनिताताई वालचंदनगरच्या वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. नवरा विशाल कंपनीत फिटर. एस्तेर सात वर्षांची, योएल चारचा. गल्लीत ख्रिस्ती घर तेवढं एकच. नाताळचा केक सगळ्यांना माहीत होता. त्याआधीचे चार रविवार मला तिच्यामुळं कळले. त्याला ते आगमनकाळ म्हणतात. ती उसाच्या हिरव्या वाढ्यांचं, शेंड्याच्या पानांचं, कडं वळायची, त्यात अर्धे कापलेले बटाटे बसवायची, बटाट्यांत चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी संध्याकाळी एक जास्त पेटायची. पहिल्या वर्षी कडं व्हरांड्यात राहिलं आणि गाईनं खाल्लं.

"बाळाच्या आधी गाय पोचली गव्हाणीत," असं ती दरवर्षी हसून सांगायची.

यंदा दुसऱ्या रविवारी योएलनं गुलाबी मेणबत्तीचा ट्रॅक्टर केला. भिंतीला धडकून तिचे तीन तुकडे झाले.

मी मराठीत एम.ए. केलंय. बारामतीत एका क्लासमध्ये शिकवते, रोज एसटीनं जाते. सोमवारी ताई म्हणाली, "राजलक्ष्मीबाई, येताना एक गुलाबी मेणबत्ती आणा. रविवारच्या आत."

"पांढरी न्हाय चालत?"

"तिसरा रविवार आनंदाचा असतोय, त्याला गुलाबीच लागती, बाई. एवढी शिकलीस आन् एवढं कळंना!"

एस्तेरनं माझा हात धरला. "मावशी, इसरू नको हां. तिसरी मी पेटवणार हाय. मम्मीनं सांगितलंय."

मी विसरले. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी. गुरुवारी ताईनं तांब्या पुढं केला. पिशवीकडं बघितलं नाही. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "सगळी दुकानं पालथी घातली. कुठंच न्हाय मिळाली."

मी एकाही दुकानात गेले नव्हते.

"असू दे गं," ती म्हणाली. "माझ्यापायी लय फिरलीस. आमी घरीच करू."

शुक्रवारी संध्याकाळी तिनं पांढऱ्या मेणबत्त्या वितळवल्या. एस्तेरनं आपला गुलाबी मेणखडू किसून दिला. स्टीलच्या पेल्यावर पेन्सिल आडवी ठेवली, तिला वात बांधून आत सोडली. मी दारात उभी होते. तेव्हाही सांगता आलं असतं. शनिवारी आणून देते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मेण दोन बोटं भरलं आणि खडू संपला.

"उरलेलं उद्या," ती म्हणाली. "वर्गातल्या रेश्माकडं खडू हाय म्हणती आमची एस्तेर."

शनिवारी सकाळी कपडे वाळत घालताना ती खाली बसली. छातीला हात लावून. विशालदादांनी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेहतीस वर्षांची होती.

रविवारी दुपारी बारामतीच्या दफनभूमीत तिला माती दिली. मीही एक मूठ टाकली. परत निघताना स्टँडजवळच्या पहिल्याच दुकानात शिरले. दुकानदारानं डबा पुढं सरकवला. डबाभर गुलाबी.

"किती देऊ?"

"एक."

ताईच्या घरी बायका बसल्या होत्या. तिसऱ्या रविवारची संध्याकाळ. ताईच्या आईनं, फुलाबाईंनी, कडं पुढं ओढलं. ताईनं शुक्रवारी बदललेली वाढी अजून हिरवीच होती. त्यांनी दोन जांभळ्या पेटवल्या आणि गुलाबीची जागा रिकामी बघून थांबल्या.

"ती न्हाय मिळाली आज्जी," एस्तेर म्हणाली. "मावशीनं लय शोधली. सगळ्या दुकानांत."

सगळ्यांनी माझ्याकडं मायेनं बघितलं. फुलाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुला लय जीव लावायची गं ती," म्हणाल्या.

मेणबत्ती माझ्या पिशवीत होती. ती काढली असती तर विचारलं असतं, कुठं मिळाली. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पेला तसाच होता. तळाला दोन बोटं गुलाबी मेण. वर आडवी पेन्सिल, आणि तिला बांधलेली वात, उरलेल्या मेणाची वाट बघत सरळ ताणलेली.